सुमनबाईचं गार पाण्याचं पिंप

सुमनबाईकडे गुडघा मोजायची एक सुतळी आहे. गोणीच्या तोंडची, साधी. तिला दोन गाठी मारलेल्या. पहिली गाठ गुडघा बरा असतो त्या दिवसाची, दुसरी सुजतो त्या दिवसाची. दोन गाठींमध्ये दोन बोटांचं अंतर. या दोन बोटांवर तिचं पोट चालतं. हे मला कळायला तिचं पाण्याचं पिंप उलटं व्हावं लागलं. ते उलटं करायला मीच लावलं होतं, म्हणून हे लिहायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं.

सुमनबाई लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, चाळणी मारते. वय चोपन्न. नवरा व्यंकटराव शिकवणीच्या पोरांच्या एका होस्टेलवर वॉचमन. माहेर तिकडं किनवट तालुक्यात, इस्लापूरला. लग्न होऊन लातूरला आली तेव्हापासून मोंढा.

मोंढ्यातलं बायांचं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. हमालाचं काम सगळ्यांना दिसतं, कारण तो पोतं घेऊन उभा असतो. बाई खाली बसलेली असते, ती कुणाला दिसत नाही. शेतकऱ्याचा हरभरा, तूर, सोयाबीन आडतीवर येतं, ओसरीवर ढीग पडतो. त्याच्याभोवती बाया गुडघे मोडून बसतात आणि माती, खडे, काडीकचरा चाळून काढतात. सकाळी नवाला बसलेली बाई जेवायला उठते, मग संध्याकाळी उठते. मध्ये उठायचं म्हटलं तरी जागा कुठं आहे, बायांना मुतारीसुद्धा नाही. तो वेगळा झगडा आहे, त्यावर मी पुढं येतेच.

सुमनबाई ज्या अण्णारावांच्या आडतीवर बसते तिथं भिंतीला सहा खिळे आहेत. सहा बाया, सहा चाळण्या, जिचा तिचा खिळा ठरलेला. सकाळी यायचं, आपल्या खिळ्यावरची चाळण उतरवायची, संध्याकाळी तिथंच टांगायची. खिळा आहे तर काम आहे. नाही तर फाटकापाशी बदलीवाल्यांच्या रांगेत बसा.

आणि या खिळ्याचा एक कायदा आहे. दोन दिवस चाळण उतरली नाही, आणि तिसऱ्या दिवशी अकराची सौद्याची घंटा होईपर्यंत बाई आली नाही, तर खिळा रांगेतल्या पहिल्या बाईचा. हा कायदा अण्णारावांनी केलेला नाही, बायांनी स्वतः केलाय. पूर्वी मालकाची मर्जी फिरली की बाईला हाकलायचे. मग बाया अडून बसल्या, म्हणाल्या, कोण बसणार नि कोण उठणार ते आम्ही ठरवू. चांगला कायदा आहे. माझा त्याला आजही पाठिंबा आहे. पण चांगला कायदा गुडघ्याला ओळखत नाही.

सुमनबाईचा खिळा एकदा गेलेला आहे. चार वर्षांपूर्वी. तेव्हा गुडघा पहिल्यांदा भरला, भोपळ्यासारखा. शेजारीच कस्तुराबाई राहतात. सत्तरीला टेकल्यात, औसा तालुक्यातल्या शेतीवाल्या घरच्या, हाडानं मोठ्या नि आवाजानं त्याहून मोठ्या. गल्लीत कुणाचं काही दुखलं की आधी कस्तुराबाई, मग दवाखाना. त्यांनी दोन दिवस तापलेल्या विटेनं शेकलं. सूज वाढली. म्हणाल्या, वात आत बसलाय, बिब्बा घालू. सुईवर बिब्बा धरून दिव्यावर तापवला आणि त्याचं तेल गुडघ्याभोवती ठिपक्या-ठिपक्यानं लावलं. आपल्याकडं कुणाच्या आजीनं हे केलं नाही? दुसऱ्या दिवशी ठिपक्यांचे फोड झाले, फोड फुटले, पाणी वाहायला लागलं. तीन आठवडे बाई अंथरुणात. खिळा गेला. परत मिळायला एक वर्ष दोन महिने फाटकापाशी बसावं लागलं. गुडघ्याभोवती ते काळे डाग अजून आहेत, गोल फिरवलेल्या माळेसारखे.

कस्तुराबाईंना याबद्दल कुणी बोललं की म्हणतात, "तिचं रक्तच गरम. माझ्या बिब्ब्याला कामून नावं ठेवता?"

पुढच्या हिवाळ्यात, खिळा अजून परत मिळाला नव्हता तेव्हा, सुमनबाई भाच्याच्या लग्नाला इस्लापूरला गेली. लातूर ते नांदेड एक एसटी, तिथून भोकरवरून दुसरी. दिवसभर पाय मोडून. उतरली तेव्हा गुडघा ठणकत होता. दुसऱ्या दिवशी सगळ्या बाया धुणं घेऊन नदीवर निघाल्या, हिलाही ओढून नेलं. सहस्रकुंडाच्या धबधब्याखाली पैनगंगेला डिसेंबरात चांगलं पाणी असतं. हिला वाकवेना, म्हणून एका खडकावर बसून मांड्यांपर्यंत पाय पाण्यात सोडले.

"आधी असं झालं की हाडात सुया टोचायल्यात," सुमनबाईनं मला सांगितलं. "पाय काढून घ्यावं वाटलं. मग म्हणलं, बघू तर. जरा वेळानं सुया गेल्या. दुखणं बी गेलं. असं वाटलं, गुडघा माझा न्हाईच."

बायांचं धुणं झालं आणि सुमनबाई कुणाचा हात न धरता दरड चढून वर आली. तिची भावजय खालूनच ओरडली, "वन्सं, गुडघा नदीत इसरलात का काय?"

पाच दिवसांच्या मुक्कामात ती रोज नदीवर गेली. लातूरला परत आली तेव्हा तिला एक गोष्ट पक्की कळली होती, आणि ती करायला लातुरात नदी नव्हती.

बाई शाळेत चौथीपर्यंत गेलेली, पण आपल्या मनानं काही ठरवून टाकलं नाही. सरकारी दवाखान्यात गेली, डॉक्टरला विचारलं. तो तरुण होता, हसला नाही, हे त्याचं नशीब. म्हणाला, गुडघ्यातली गादी झिजलीय, ती काही परत येत नाही. सूज आलेली असताना शेकायचं नाही, बिब्ब्याचं तर नावच काढायचं नाही. गार पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसत जा. सूज नि ठणका उतरतो, तेवढ्यापुरता. बर्फ थेट कातडीला लावायचा नाही, पाय बधिर होईपर्यंत बसायचं नाही. जखम असेल, साखरेचा आजार असेल, तर आधी मला विचारायचं. आणि उकिडवं बसणं बंद करा.

"हे शेवटचं सोडून सगळं केलं," सुमनबाई म्हणते.

भंगारवाल्याकडून एक लोखंडी पिंप आणलं. वेल्डिंगवाल्याकडून वरचा तिसरा हिस्सा कापून घेतला. कड हाताला लागू नये म्हणून पाण्याची जुनी नळी मधून चिरून कडेवर बसवली. आतून रंग दिला. आत बसायला एक ठोकळा, बाहेर चढायला एक स्टूल, उतरताना धरायला खिडकीचे गज. मोंढ्यातून फाटकी गोणपाटं आणून पिंपाला बाहेरून गुंडाळली आणि त्यावर सकाळी एक नि दुपारी एक तांब्या शिंपडायला व्यंकटरावांना शिकवलं. आपण रांजणाला ओलं फडकं गुंडाळतो, तसंच. एप्रिलात बाहेर लोखंडाला हात लावला तर चटका बसतो, पण त्या पिंपातल्या पाण्यात हात घातला की अंगावर काटा येतो.

सात घागरी पाणी मावतं. रोज मोंढ्यातून आली की आधी पाय घासून धुवायचे, मग पंधरा मिनिटं आत. साबण नाही. तेच पाणी पाच-सहा दिवस. मग त्याच पाण्यानं फरशी, त्यातलंच संडासला. एक थेंब गटारात नाही.

पण हे सगळं दाराआड चालायचं. का, ते आमच्या गल्लीतल्या माणसाला सांगावं लागत नाही. नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, आणि उन्हाळ्यात तेही खरं धरायचं नाही. ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी मी घागर मोर्चे काढले, चार वेळा पोलिसांच्या गाडीत बसले. तेव्हापासून गल्लीची पाणी समिती आहे आणि तिची प्रमुख मी. मला कुणी नेमलं नाही, हटवायची कुणाची हिंमतही झाली नाही. समितीचा नियम मी स्वतः वहीत लिहिलाय: होळीपासून पाऊस लागेपर्यंत प्रत्येक घरात दोन पिंपं. तिसरं सापडलं की ते गल्लीचं.

पिंप उलटं झालं त्या शनिवारी नळ दोन दिवस आधीच आला. संध्याकाळी साडेपाचला. "नळ आला गं, नळ आला!" अशी बोंब उठली आणि पळापळ झाली. आमच्याकडं एकच नळी घराघरात फिरते, प्रत्येकाला वीस मिनिटं. कस्तुराबाईंच्या पाठोपाठ सुमनबाईचा नंबर.

सुमनबाई तेव्हा पिंपात. घाईनं उठायला गेली आणि धक्का लागून बाहेरचं स्टूल कोलमडलं. खिडकीचे गज हाताला येईनात. दुखऱ्या गुडघ्यावर भार टाकून बाहेर उडी मारणं तर शक्यच नव्हतं. व्यंकटराव ड्यूटीवर. दाराला आतून कडी.

कस्तुराबाईंनी दार बडवलं. "सुमन! ए सुमन! नळी घे!"

आतून आवाज आला, "तुमी फुडं द्या नळी. मला नको आज."

इथंच फसली. लातुरात नळाचं पाणी नको म्हणणारी बाई मी अजून पाहिली नाही. कस्तुराबाईंनीही पाहिली नव्हती.

"हिला भोवळ आली जणू," त्या ओरडल्या आणि खांदा लावला. कडी निघाली. आत बघतात तर सुमनबाई लुगड्यानिशी पिंपात बसलेली, कडेला दोन्ही हात धरून.

"सुमन, तू पिंपात काय करायलीस?"

"बसलेय."

"पिंपात?"

"हाव."

"कामून?"

"आता आधी भायेर काढा, मग इचारा."

कस्तुराबाईंनी नि पलीकडच्या शिल्पानं काखेत हात घालून तिला उपसली. शिल्पा हसून हसून भिंतीला टेकली. पण कस्तुराबाईंची नजर सुमनबाईवर नव्हती, पिंपावर होती. त्यांनी कोपऱ्यातली पिंपं मोजली. एक. दोन. आणि हे तीन.

"अगं माय, आम्ही वाटीनं पाणी मोजायलोत नि हिच्या घरात हौद हाय!"

दहा मिनिटांत अर्धी गल्ली दारात. मी पोचले तेव्हा मुलं नाचत होती, "पिंपातली काकू, पिंपातली काकू." सुमनबाई ओल्या लुगड्यानं उंबऱ्यात उभी.

मी विचारलं, "किती पिंपं आहेत?"

"तीन. पण तिसरं—"

"नियम काय आहे?"

"मनिषाताई, ऐकून तर घ्या. गुडघ्यासाठी हाय ते. मी पाणी सांडत न्हाई. त्याच पाण्यानं मी फरशी—"

"गुडघे सगळ्यांना आहेत," मी म्हणाले.

हे वाक्य माझं आहे. मी ते लपवत नाही.

तिनं ओल्या लुगड्याचा पदर पिळला. मग म्हणाली, "ताई, पाण्यापायी माझ्या आज्यानं मार खाल्लाय. एका गावच्या हिरीवर. मी पाणी वाया घालवीन का? मला?"

दोघीतिघींनी नाचणाऱ्या पोरांना मागं ओढलं. मलाही थांबता आलं असतं. पण एवढ्या लोकांसमोर एकदा हो म्हटलं तर उद्या प्रत्येकाचं तिसरं पिंप कशासाठी तरी निघेल, हे डोक्यात. वही हातात. मी म्हटलं, "नियम मोडता येणार नाही. रिकामं करा."

आता ते पाणी कुणाच्या पिंपात ओतणार? बसलेलं पाणी. कुणी घेईना. शेवटी पोरांनी बादल्या भरभरून कोपऱ्यावरच्या लिंबाला घातलं. पाणी वाचवायच्या समितीनं सात घागरी झाडाला ओतल्या, आणि मी वहीत सही केली. पिंप दाराबाहेर उलटं घातलं. दुसऱ्या दिवशी त्यावर कुत्रं झोपलेलं होतं.

सुमनबाई सोमवारी कामावर गेली. मंगळवारी गेली, पण दुपारी उठताना तिला दोघींनी धरलं. बुधवारी गेली नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

गुरुवारी मी मोंढ्यात गेले ते मुतारीच्या भांडणासाठी. सहा आडतींच्या बायांच्या सह्या घ्यायच्या होत्या. अण्णारावांच्या ओसरीवर पाचच बाया बसलेल्या. भिंतीवर पाच खिळे मोकळे आणि सहाव्यावर चाळण तशीच टांगलेली. चाळणीच्या कडेला निळी चिंधी बांधलेली.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"सुमनबाईची," एक बाई मान वर न करता म्हणाली. "दुसरा दिवस हाय. उद्या घंटेपर्यंत बघायचं."

"मग?"

"मग गौरम्माचा नंबर."

फाटकापाशी गौरम्मा बसली होती. उदगीरकडची, बोलताना मराठीत कानडी मिसळते. पंचेचाळिशीची, काटक. मांडीवर पिशवी, पिशवीत चाळण. आठ महिने झाले ती रोज येते, कुठं माल जास्त आला तर बसते, नाही तर डबा खाऊन परत जाते. मला वाटलं होतं, हिला आनंद झाला असेल.

"अक्का येणार का हो उद्या?" तिनंच मला विचारलं.

"तुला काय वाटतं, यावी की न यावी?"

गौरम्मानं मांडीवरची पिशवी सरळ केली. "दोन्ही वाटतंय," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू?"

अण्णाराव गादीवरून ओरडले, "मनिषाताई, तुमच्या गल्लीतलीच हाय ना ती? तिला सांगा, माझं काही न्हाई. मी खिळ्यात पडत न्हाई, बायांचा कायदा हाय. पर तिच्यासारखी चाळणारी दुसरी न्हाई माझ्याकडं. तिच्या हाताखालून गेलेल्या हरभऱ्यात खडा निघत न्हाई."

"एवढी चांगली आहे तर बसायला स्टूल द्या की बायांना. ढीग फळीवर घ्या, बाया स्टुलावर बसतील."

"स्टुलावर बसून चाळत्यात व्हय कुठं?" ते हसले.

त्यांना मी तिथंच जे सुनवायचं ते सुनावलं असतं. पण सह्याही न घेता निघाले.

सुमनबाईच्या घरी कस्तुराबाई आधीच हजर. चुलीजवळ फडक्यात गुंडाळलेली तापली वीट, आणि बाजूला सुई नि दिवा. सुमनबाई भिंतीला टेकून, उजवा पाय लांब सोडून बसलेली. गुडघ्याची वाटी कुठं आहे ते कळत नव्हतं.

"या, तुमीच ऱ्हायल्या होत्या," सुमनबाई मला म्हणाली.

"हिला सांग गं मनिषा," कस्तुराबाई म्हणाल्या. "कवापासून म्हणायले, शेकू दे. हट्ट धरून बसलीय. गार पाण्यानं वात धरतो, येवढं तर शेंबड्या पोराला बी ठाऊक हाय. त्या पिंपानंच सुजलाय हिचा पाय."

"पिंपात बसून पाच दिस झाले," सुमनबाई म्हणाली. "बसत होते तवर कामाला जात होते. बंद केलं नि ही गत. तुमीच हिशेब करा."

मग तिनं उशाखालून सुतळी काढली. माझ्यासमोर गुडघ्याभोवती फिरवली. टोक दुसऱ्या गाठीच्याही पुढं गेलं.

"ही गाठ बऱ्या दिसाची. ही सुजल्या दिसाची. मोंढ्यातून आल्यावर मोजते, पिंपातून निघाल्यावर मोजते. रोज थोडी तरी उतरत्या. सकाळी पयल्या गाठीवर येत्या. दोन वर्सं मोजायलेय मी. तुमच्या वहीत हाय का असं काही?"

माझ्या वहीत नव्हतं. माझ्या वहीत फक्त पिंपं मोजलेली होती.

मी विचारलं, "पंधरा मिनिटं बसलीस तर उद्या जाशील?"

"आज एकदा नि उद्या सकाळी एकदा. मग कळंल. खात्री कशी देऊ? गुडघा हाय, घड्याळ न्हाई."

प्रश्न पाण्याचा. नळ येऊन पाच दिवस झालेले, पुढचा कधी येईल देव जाणे. सात घागरी कुणी उचलून देत नाही, आणि मी नियम मोडून माझ्या घरातल्या दिल्या असत्या तर तोही उपकार झाला असता. सुमनबाईनं तो घेतला नसता. मी तिथंच दारात बसून विचार केला. प्रत्येक घरात एक पाणी प्यायचं असतं आणि एक संडासचं. संडासचं पाणी बादलीत नुसतं पडून असतं. ते आमच्याकडं पडून राहण्याऐवजी सुमनबाईच्या पिंपात पडून राहिलं तर कुणाचं काय जातं? हवं तेव्हा तिथून न्यायचं. आणि नळ आला की आधी सगळ्यांनी मिळून ते पिंप भरायचं.

मी बाया बोलावल्या आणि सांगितलं. आधी हेही सांगितलं की शनिवारी मी चुकले. दोघीतिघींनी कान टवकारले, कारण हे त्यांनी माझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

शिल्पा म्हणाली, "संडासला तर टाकायचंय. त्यात सुमनकाकू बसली काय नि न बसली काय."

एक बाई पुटपुटली, "कुणाच्या अंगाचं पाणी—"

"तुझा संडास काय देवघर हाय का?" हे कस्तुराबाई बोलल्या. मी नाही. सगळ्या हसल्या. मग कस्तुराबाई सुमनबाईकडं वळल्या, "मला पटत न्हाई हां. वात धरणार म्हणजे धरणार. मग माझ्याकडं येऊ नको."

"न्हाई येत. तुमचा बिब्बा एकदा घेतला, जल्मभर पुरला."

"तोंड बघा हिचं!" कस्तुराबाई म्हणाल्या आणि उठून गेल्या. मला वाटलं, रागावल्या. त्या परत आल्या ते डोक्यावर घागर घेऊन. पहिली घागर त्यांची.

पिंपावरून कुत्र्याला हुसकलं, पिंप धुऊन आत घेतलं. सात घरांच्या सात घागरी. पाणी पुरेसं गार नव्हतं, म्हणून शिल्पानं रांजणातलं दोन तांबे पाणी आणून ओतलं, गोणपाटं भिजवली आणि सगळ्यांनी तासभर वाट बघितली. सुमनबाई आत बसली तेव्हा दारात सहा बाया. "जा की गं आता," ती म्हणाली. "मी काय पिच्चर हाय का?" कुणी हललं नाही. पंधरा मिनिटं मी घड्याळ बघितलं. या वेळी तिला काढायला सहा जणी होत्या.

मग सुतळी. टोक दुसऱ्या गाठीवर आलं होतं. तेवढंच.

"बस?" शिल्पा म्हणाली. तिचं तोंड पडलं.

"जादू म्हणले होते का मी?" सुमनबाई म्हणाली. "सकाळी बघू. आता पाय उशीवर ठिवते, जेवून डॉक्टरची गोळी घेते."

शुक्रवारी सकाळी सहाला परत पंधरा मिनिटं. सुतळी दोन गाठींच्या मध्ये. व्यंकटराव ड्यूटीवरून आले होते, ते म्हणाले, "आज नको जाऊ. खिळा गेला तर गेला. मी हाय की."

"तुमी हाव," सुमनबाई म्हणाली. "पर त्या खिळ्यावर माझी चाळण हाय."

सूज आणखी उतरावी म्हणून दहा वाजेपर्यंत पाय उशीवर ठेवायला लावला, मग रिक्षानं नेलं. मोंढ्याच्या फाटकात उतरलो तेव्हा पावणेअकरा. फाटकापासून अण्णारावांची आडत बरीच आत. वाटेत बैलगाड्या, टेम्पो, पोत्यांच्या थप्प्या. मी हात पुढं केला, तिनं घेतला नाही. हळूहळू चालली, उजवा पाय जरा बाहेर टाकत. गौरम्मा ओसरीच्या खाली उभी होती. चाळण पिशवीतून काढून हातात घेतलेली. पाचही बाया काम थांबवून बघायला लागल्या, पण हात द्यायला कुणी उठलं नाही. कायदा बायांचा होता.

ओसरीला तीन पायऱ्या. पहिली चढली. दुसरी चढली. तिसरीला थांबली, गुडघ्यावर हात ठेवला. मी पुढं झाले, तर गौरम्मानं मला डोळ्यानंच थांबवलं. सुमनबाईनं डावा पाय आधी वर घेतला, मग उजवा ओढला. भिंतीपाशी गेली, निळ्या चिंधीची चाळण खिळ्यावरून काढली.

घंटा झाली ती त्यानंतर. फार नाही, तांब्याभर पाणी प्यायला लागतो तेवढ्या वेळानं.

गौरम्मानं आपली चाळण परत पिशवीत घातली. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. "कूत्को अक्का," गौरम्मा म्हणाली, बस म्हणाली, आणि हात देऊन तिला ढिगाशी बसवलं. या वेळी सुमनबाईनं हात घेतला. बसताना तोंडातून कण्हणं निघालं, ते तिनं हरभऱ्याच्या आवाजात मिसळून टाकलं.

गौरम्मा फाटकापाशी परत जाऊन बसली. रांगेत अजून पहिलाच नंबर आहे तिचा. हे मला बरं वाटत नाही, पण सहा खिळ्यांचे सात मी करू शकत नाही. स्टुलाचं भांडण मात्र सुरू केलंय, मुतारीच्या सोबत. अण्णाराव अजून हसतात. हसू द्या.

पिंप आता वहीत आहे. "तिसरं पिंप, गल्लीचं, मुक्काम सुमनबाईच्या घरी," असं मी लिहिलंय. संडासचं पाणी लागलं की जो तो बादली घेऊन तिच्याकडं जातो. परवा दुपारी मी गेले तर सुमनबाई मोंढ्यात, दार नुसतं ओढून घेतलेलं. आत कस्तुराबाई ठोकळा बाहेर काढून त्यावर बसलेल्या, आणि एक बादली भरून घेऊन त्यात सुजलेला घोटा बुडवलेला. मला बघून दचकल्या.

"संडासला न्यायला आले होते," त्या म्हणाल्या. "जड झाली बादली. म्हणून जरा टेकले."

मी फक्त विचारलं, त्यांना साखरेचा आजार आहे का. नाही म्हणाल्या. "पण दवाखान्यात एकदा दाखवून या," मी म्हटलं.

"तू जा गं तिकडं," कस्तुराबाई म्हणाल्या. "आणि सुमनला सांगू नको."

संध्याकाळी सुमनबाई आली, पाय धुऊन पिंपात बसली, निघाली, सुतळी फिरवली. या वेळी टोक दोन गाठींच्या बरोबर मध्ये आलं. तिनं तिथं तिसरी गाठ मारली.

"ही कशाची?" मी विचारलं.

"कामावर जाता येतं त्या दिसाची," ती म्हणाली. "बरा झालेला गुडघा आता काय येत न्हाई, ताई. हीच गाठ धरून चालायचं."